दार लावायचं की पिस्तूल काढायचं? ओहायोतल्या मराठी पालकांना खुलं पत्र

आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या सर्व मराठी पालकांना,

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एक दादा मला म्हणाले, "तुम्हा टीचर लोकांना एकेक पिस्तूल दिलं ना, की शाळांतल्या गोळीबाराचा प्रश्नच मिटला." आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. माझ्या एका हातात मोदक आणि दुसऱ्या हातात मुलीचं जॅकेट होतं. मी हसले आणि पुढे सरकले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. त्या रांगेत जे बोलायला हवं होतं, ते आता लिहून काढते आहे.

दादांवर राग नाही. आपल्यापैकी कोणाचंही मूल सकाळी पिवळ्या बसमध्ये चढतं तेव्हा पोटात जे होतं, तेच त्यांच्याही होत असणार. बातमी आली की पुण्याहून, नाशिकहून, पणजीहून फोन येतात, "तुमच्या तिथली नाही ना शाळा?" म्हणून. मीही आईच आहे. पण सकाळी आठ ते दुपारी तीन मी वर्गाच्या दुसऱ्या बाजूला उभी असते. सरकारी मिडल स्कूलमध्ये सहावीच्या मुलांना गणित शिकवते. माझं आडनाव मुलांना उच्चारता येत नाही, म्हणून शाळेत मी नुसती "मिसेस के". पुढच्या महिन्यात आपल्या स्कूल बोर्डासमोर जो ठराव येतो आहे, तो या मिसेस केच्या कमरेला पिस्तूल लावू द्यायचं की नाही याबद्दलचा आहे. सक्ती नाही, ज्याची इच्छा असेल त्यालाच. पण एकदा बोर्डाने हो म्हटलं की कोणी ते घेतलं आणि कोणी नाही, हे तुम्हाला कळणार नाही. ओहायोच्या कायद्यात तशीच तरतूद आहे. आमच्याकडे शस्त्रधारी कर्मचारी असू शकतात एवढंच डिस्ट्रिक्टने पालकांना कळवायचं, नावं गुप्त. टेनेसीने २०२४ साली असाच कायदा केला, तिथे तर पालकांना काही कळवायचंच नाही. आदल्या वर्षी नॅशव्हिलच्या शाळेत तीन मुलं आणि तीन मोठी माणसं मारली गेली होती. त्या आघातातून गेलेल्या आया सभागृहाच्या गॅलरीत येऊन विरोध करत होत्या, तरी कायदा झाला.

आपल्या राज्यात हे कुठून आलं, तेही थोडक्यात सांगते, कारण मंडळात बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं टेक्सासमध्ये चालतं. सिनसिनाटीच्या वरच्या अंगाला बटलर काउंटीत मॅडिसन नावाचं छोटं डिस्ट्रिक्ट आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथल्या कॅफेटेरियात चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या. मुलं जखमी झाली, सुदैवाने कोणी दगावलं नाही. दोन वर्षांनी तिथल्या बोर्डाने कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगायची मुभा दिली. काही पालक कोर्टात गेले. जून २०२१ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला की शाळेत शस्त्र बाळगायचं तर पोलिसांचं मूलभूत प्रशिक्षण, म्हणजे सातशेहून जास्त तास, पूर्ण केलेलं हवं, नाहीतर वीस वर्षांची पोलीस सेवा हवी. वर्षभरातच विधिमंडळाने हाउस बिल ९९ आणून ती अट चोवीस तासांवर आणली. त्यातही प्रत्यक्ष प्रसंग उभा करून घ्यायचा सराव किमान चार तास. पुढे दरवर्षी आठ तासांची उजळणी. बोर्डाला वाटलं तर तो जास्त मागू शकतो, पण कायद्याला चोवीस पुरेसे आहेत. गव्हर्नर डिवाइन यांनी सही केली १३ जून २०२२ ला. टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या शाळेत गोळीबारात एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका जाऊन तेव्हा वीस दिवस झाले होते. आणि परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगण्याची मोकळीक देणारा दुसरा कायदाही राज्यात त्याच दिवशी लागू झाला. बिल ९९ ला शिक्षकांच्या संघटनांनी विरोध केला होताच, राज्यातल्या पोलिसांच्या संघटनेनेही केला होता. हे दुसरं दादांना माहीत नसावं.

गणिताची बाई आहे, तेव्हा एक हिशेब मांडतेच. माझं शिकवण्याचं लायसन्स पाच वर्षांनी नवं करायचं तर मला कॉलेजचे सहा क्रेडिट किंवा १८० तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. अपूर्णांक, गुणोत्तर, थोडी भूमिती, याच्यासाठी १८० तास. पिस्तुलाचे पहिल्या वर्षी चोवीस आणि पुढच्या चार वर्षांत आठ-आठ धरले तर पाच वर्षांत छप्पन.

मला तासांचा वाद घालायचा नाही खरं तर. उद्या कोणी म्हणेल, बरं, सातशे तास करू. तरी माझं म्हणणं तेच राहील. त्यासाठी तुम्हाला माझ्या वर्गात यावं लागेल.

लॉकडाउन ड्रिल, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं याचा सराव, आमच्याकडे वर्षातून अनेकदा होते. स्पीकरवर घोषणा होते. पहिलं काम, दाराबाहेर डोकावून कॉरिडॉरमध्ये भरकटलेलं एखादं मूल असेल तर त्याला आत ओढायचं, मग ते कोणत्याही वर्गाचं असो. दार लावायचं, कुलूप लागलं का ते ओढून बघायचं. दाराच्या काचेवर काळा कागद. दिवे बंद. मुलांना त्या कोपऱ्यात न्यायचं जिथे दाराच्या काचेतून नजर पोचत नाही. डोकी मोजायची. सव्वीस असतील तर सव्वीस भरली पाहिजेत, कोणी बाथरूमला गेलं असेल तर ते आठवलं पाहिजे. फोन सायलेंट. मग थांबायचं. बाहेरून कोणी दार वाजवलं, रडून हाक मारली, "मी प्रिन्सिपल आहे" म्हणालं, तरी उघडायचं नाही. ज्यांच्याकडे किल्ली आहे ते उघडतील.

हे सांगायला एक मिनिट लागतं. करताना काय होतं ते ऐका. एका मुलाला दम्याचा त्रास आहे, अंधारात त्याची घरघर अख्ख्या वर्गाला ऐकू येते आणि त्याला स्वतःच्या श्वासाचीच लाज वाटायला लागते. एक मुलगी भीती वाटली की हसते, तिला आवरत नाही. नव्याने आलेल्या मुलाला इंग्रजी नीट कळत नाही, त्याला हा सराव आहे की खरं आहे तेच उमगलेलं नसतं. एकाच्या खांद्यावर हात, दुसरीच्या ओठांवर बोट, तिसऱ्याकडे डोळ्यांनी बघत "काही नाही रे, मी आहे". माझे दोन्ही हात तेव्हा कामात असतात. गेल्या वर्षी ड्रिल संपल्यावर बघितलं तर माझ्या कुर्त्याची बाही तीन मुलांनी धरून ठेवली होती आणि मला कळलंही नव्हतं.

आता या कोपऱ्यात बसलेल्या बाईच्या कमरेला पिस्तूल आहे असं धरा. बाहेर आवाज येतोय. तिने काय करायचं? मुलांना सोडून कॉरिडॉरमध्ये जायचं, का दाराकडे नेम धरून बसायचं? दाराकडे नेम धरून बसली तर त्या घरघरणाऱ्या मुलाकडे कोण बघणार? बाहेर गेली तर आतून दार कोण लावणार, बारा वर्षांचं मूल? आणि ती परत आली तर मुलांनी उघडायचं का? आम्हीच तर त्यांना शिकवलंय, कोणालाही उघडू नका.

माझा मुद्दा एवढाच आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. त्या वेळी शिक्षकाला काम नसतं, तो नुसता बसलेला असतो, म्हणून त्याच्या हातात काहीतरी द्यावं, अशी एक समजूत या ठरावाच्या तळाशी आहे. तसं नाहीये. अशा प्रसंगात मुलं वाचली, त्यातल्या बऱ्याच वेळी कोणीतरी असंच साधं काम केलेलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजला पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने आपल्या बाईंवर गोळी झाडली. गोळी हातातून छातीत गेली होती, तरी त्या बाईंनी आधी बाकीची मुलं वर्गाबाहेर काढली. त्यांच्याकडे पिस्तूल असतं तर? सहा वर्षांच्या मुलावर रोखलं असतं? २०१२ मध्ये आपल्याच ओहायोत शार्डन हायस्कूलच्या कॅफेटेरियात तीन मुलं गेली. तिथे फुटबॉलचे कोच गोळीबार करणाऱ्याच्या अंगावर नुसते धावून गेले आणि त्याला इमारतीबाहेर पिटाळलं. हात रिकामे होते. सगळ्यांना असं जमत नाही, जमावं अशी अपेक्षाही करू नये. पण तो धावून येणारा माणूस कोण होता हे मुलांना ठाऊक होतं.

आणि गोळीबार करणारा कोण असतो, हेही बोलायला हवं. बहुतेक वेळा तो त्याच शाळेतला असतो किंवा तिथून गेलेला असतो. मॅडिसनचा चौदा वर्षांचा, मिशिगनमधल्या ऑक्सफर्डचा पंधरा. म्हणजे ज्याची वही मी मागच्या आठवड्यात तपासली, ज्याच्या आईशी मी पेरेंट-टीचर कॉन्फरन्समध्ये वीस मिनिटं बोलले, त्याच्यावर मी नेम धरायचा आहे. मी ते करू शकेन की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. तशी तयारी मनात ठेवून रोज त्याला शिकवायचं, हे मला जमणार नाही. वर्गात मुलांकडे बघताना नजर कुठली असावी, याला आमच्या धंद्यात फार किंमत आहे.

माझी आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या टेबलावर छडी असायची. आई सांगते की तिने ती वर्षातून दोन-चारदाच उचलली असेल. पण त्या शाळेत मीही शिकले. छडी उचलण्याची गरज नव्हती, आम्ही त्या छडीकडे बघतच उत्तरं द्यायचो. आईचा चेहरा मला घरी दिसायचा, शाळेत छडी दिसायची. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा बंद झाली आणि तिने ती छडी घरी आणून कुंडीतल्या टोमॅटोला आधार म्हणून लावली.

पिस्तूल तर लपवलेलं असणार, मुलांना दिसणारच नाही, असं म्हणाल. सहावीच्या मुलांपासून काही लपत नाही हो. माझ्या पर्समध्ये चॉकलेट कुठल्या कप्प्यात आहे हे त्यांना माझ्याआधी कळतं. मी दिवसभर बाकांवर वाकते, भांडणं सोडवते, दोघांच्या मध्ये शिरते, मुलं मिठ्या मारतात. आणि माणूस विसरतो. २०१४ मध्ये युटात एका शिक्षिकेचं पिस्तूल शाळेच्या टॉयलेटमध्ये उडालं आणि तिच्याच पायाला इजा झाली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात एका शिक्षकाने, जो राखीव पोलीस अधिकारीही होता, वर्गात बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल शिकवतानाच छतात गोळी झाडली. त्याच वर्षी फ्लॉरिडात एक शिक्षक समुद्रकिनाऱ्यावरच्या सार्वजनिक शौचालयात पिस्तूल विसरला. भलत्याच माणसाने उचलून ते झाडलं. ही माणसं वाईट नव्हती. मी या वर्षात दोनदा गाडीची किल्ली शाळेत विसरले आहे.

नेमाबद्दल एकच आकडा देते. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या गोळीबारांचा रँड या संशोधन संस्थेने अभ्यास केला होता. समोरूनही गोळ्या येत असताना त्यांच्या १०० पैकी सरासरी १८ गोळ्या लागल्या. हे पेशाने पोलीस. गणित मुलांना घालते तसं तुम्हालाही घालते: उरलेल्या ८२ गोळ्या, दोन्हीकडे वर्ग असलेल्या कॉरिडॉरमध्ये, कुठे जातात?

शिवाय पोलीस आत शिरतात तेव्हा त्यांना काय दिसतं? हातात पिस्तूल असलेली एक सावळी बाई. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचायला ते थांबतील का? २०२१ मध्ये कोलोराडोतल्या अर्वाडा गावात एका धाडसी नागरिकाने स्वतःच्या पिस्तुलाने हल्लेखोराला थांबवलं, आणि नंतर आलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. तो गेला. तो गोरा होता. आपण कसे दिसतो हे आपल्याला एअरपोर्टवर आठवतं, मग शाळेत विसरून कसं चालेल?

आता दुसरी बाजू. ती नाहीच असं मी म्हणणार नाही. ओहायोत सहाशेहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत, त्यातली काही मक्याच्या शेतांच्या पार पलीकडे आहेत. तिथे शेरीफची गाडी यायला वीस-पंचवीस मिनिटं लागू शकतात. तिथल्या पालकांनी हा निर्णय घेतला तर मी त्यांना शिकवायला जाणार नाही. आपल्या उपनगरात पोलीस चार मिनिटांत येतात, कुत्रा भुंकला तरी येतात. पोलीस येऊनही काही होत नाही, असं युव्हाल्डीचा दाखला देऊन तुम्ही म्हणाल. खरं आहे. तिथे ३७६ अधिकारी जमले आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. फ्लॉरिडात पार्कलंडच्या शाळेत २०१८ मध्ये सतरा जण गेले, तेव्हा शाळेचा शस्त्रधारी अधिकारी बाहेरच थांबला होता. मला यातून उलटाच अर्थ लागतो. चिलखत घालून, आयुष्य त्यातच काढलेल्या माणसांचे पाय जिथे अडले, तिथे चोवीस तासांचा कोर्स केलेल्या मिसेस केचे चालतील, हा विश्वास तुम्हाला कुठून येतो?

शस्त्र हातात घेतलेल्या शिक्षकाची गोष्ट मला माहीत आहे, आणि ती आपल्या शेजारची आहे. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर डिसेंबर २०१४ मध्ये हल्ला झाला, शंभराहून अधिक मुलं मारली गेली. त्यानंतर खैबर पख्तुनख्वात शिक्षकांना शस्त्रं बाळगायची परवानगी मिळाली. जानेवारी २०१६ मध्ये चारसद्दाच्या बाचा खान विद्यापीठात अतिरेकी शिरले, तेव्हा रसायनशास्त्राचे प्राध्यापक सय्यद हमीद हुसेन यांनी पिस्तूल काढून त्यांना रोखून धरलं. विद्यार्थ्यांना पळायला वेळ मिळाला, प्राध्यापक मारले गेले. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण त्याच प्रांतात, आदल्या वर्षी स्वातमध्ये, एका शिक्षकाचं पिस्तूल साफ करताना उडालं आणि बारा वर्षांचा विद्यार्थी गेला. पहिली गोष्ट सांगणाऱ्याने दुसरीही सांगावी. आणि तिथे टोळीने येणाऱ्या अतिरेक्यांशी गाठ होती. आपल्याकडे गाठ आहे ती कोणाच्या तरी घरातल्या कपाटाशी.

कपाटाशी म्हणाले, कारण खरं काम तिथे आहे. सिक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये शाळांवरच्या हल्ल्यांचा अहवाल काढला. ज्या हल्ल्यांत बंदूक वापरली गेली, त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश मुलांनी ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आणली होती. निम्म्या वेळा ती सहज हाताशी होती किंवा धड बंद केलेली नव्हती. न्यूपोर्ट न्यूजच्या सहा वर्षांच्या मुलाने आईचं पिस्तूल दप्तरात घालून आणलं होतं. ऑक्सफर्डच्या मुलाला तर बापाने नवीन घेऊन दिलं होतं. २०२४ मध्ये त्या आई-बापांना मनुष्यवधासाठी तुरुंगवास झाला.

आता आपल्याकडे बघू. मूल पहिल्यांदा स्लीपओव्हरला जातं तेव्हा आपण त्या घरी फोन करून आठवणीने सांगतो, बीफ देऊ नका, पेपरोनी चालत नाही, केकमध्ये अंडं चालेल. गन आहे का घरात आणि ती कुलपात असते का, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलंय? मीही मोठ्या मुलाच्या वेळी विचारलं नव्हतं. लाज वाटली, त्यांना काय वाटेल म्हणून. धाकटीच्या वेळी विचारलं. समोरची बाई जराही न रागावता म्हणाली, "हो, दोन आहेत, बेसमेंटच्या सेफमध्ये, गोळ्या वेगळ्या." एवढंच. तिला तो प्रश्न ॲलर्जीच्या प्रश्नाइतकाच साधा वाटला. आणि हे फक्त "त्यांच्या" घरांबद्दल नाही. कोविडनंतर मंडळातल्याही काही घरांत पिस्तुलं आली आहेत, हे आपण एकमेकांना सांगत नाही, पण मुलं सांगतात. मला वर्गात सांगतात.

तुम्ही म्हणाल, सगळे शिक्षक तुझ्यासारखे नाहीत. बरोबर. रँडनेच २०२३ मध्ये देशभरातल्या शिक्षकांना विचारलं तेव्हा १०० तले १९ जण शस्त्र बाळगायला तयार होते. माझ्याच कॉरिडॉरमध्ये असा एक जण आहे, माजी सैनिक, चांगला माणूस, माझा मित्र. शस्त्रांमुळे शाळा कमी सुरक्षित होतील असं मानणारे मात्र निम्म्याहून जास्त निघाले. आम्हा शिक्षकांना सरकार वर्गासाठी स्वखर्चाने घेतलेल्या पेन्सिली-कागदांवर करात थोडीशी वजावट देतं. त्यात खडू-फळ्याचं भागत नाही. तेव्हा आम्हाला काहीतरी द्यायचंच असेल तर मागायला यादी आहे माझ्याकडे: दुसरी काउन्सेलर, कारण आत्ता एकीच्या वाट्याला शेकडो मुलं येतात. आतून लागणारी चांगली कुलपं. बाथरूममध्ये गेलेल्या मुलासाठी कॉरिडॉरमध्ये कोणीतरी मोठं माणूस.

बोर्डाची ती बैठक पुढच्या महिन्यात, मंगळवारी संध्याकाळी सातला आहे. आपल्यातले बरेच जण अजून एच-वन किंवा ग्रीन कार्डवर आहेत, बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येत नाही, म्हणून आपलं काही चालत नाही असं धरून बसतात. डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्या कोणालाही तिथे बोलता येतं. आत शिरताना यादीत नाव लिहायचं, तीन मिनिटं मिळतात, तिसऱ्या मिनिटाला घंटी वाजते आणि ते खरोखर थांबवतात. ठरावाच्या बाजूने असाल तरी या. दादा, तुम्हीही या. फक्त बोर्डाला हे विचारा: लॉकडाउनची घोषणा झाल्यावर शस्त्र असलेल्या शिक्षकाने वर्गात थांबायचं की बाहेर जायचं? मी नोकरीत असल्यामुळे मला विचारायला अवघड जातं, तुम्हाला जाणार नाही. इंग्रजीत अडायला होतं असं वाटत असेल तर रविवारी मराठी शाळा सुटल्यावर मला गाठा, आपण तीन मिनिटांचं बसवून घेऊ.

आपली,
मिसेस के

ता. क. पोलीस स्टेशनात पिस्तुलाला लावायची केबलची कुलपं फुकट मिळतात, नाव-गाव फारसं विचारत नाहीत. मी परवा सहा आणली. ती माझ्या गाडीत, मराठी शाळेच्या वह्यांच्या पिशवीत आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी पिशवीतून काढून घ्यावीत, मी कोणी घेतली ते बघणार नाही.